गुंडीचा कोट

वाढताना कुणी कुणाला पाहिलेलं नाही. काल टेबलाखालून ताठ मानेने जाणारं मूल आज त्याच टेबलावर डोकं आपटून घेतं, तेव्हा आपल्याला कळतं की हे वाढलं. कुठल्या वारी वाढलं, किती वाजता वाढलं, ते कुणालाच सांगता येत नाही. जगात एवढी मोठी गोष्ट इतकी बिनबोभाट होते आणि आपण शेजारी खुशाल वर्तमानपत्र वाचत बसतो, याचं टेलरमास्तरांना जन्मभर नवल वाटत आलं होतं.

नवल वाटायचा त्यांना हक्कच होता, कारण त्यांचं पोट त्यावर चालत होतं. मास्तर शाळेचे गणवेश शिवत. इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. तीस वर्षांत आसपासच्या दोन शाळांमधली बहुतेक सगळी मुलं त्यांच्या टेपाखालून गेली होती. आता गणवेश म्हणजे काही लग्नाचा सूट नव्हे, की एक दिवस बसला आणि सुटलो. तो वर्षभर पुरला पाहिजे, आईबाप चिवट असतील तर दोन वर्षं. आणि आतलं मूल तर रोज वाढतंय. म्हणून शिवणीच्या आत जादा कापड दडवून ठेवायचं आणि मूल वाढलं की उसवून सोडायचं. या दडवलेल्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. सगळेच ती ठेवतात, पण सरसकट, सगळ्यांना सारखी. मास्तरांच्या दुकानातल्या गणवेशाची गोष्ट वेगळी. ज्या मुलाला पुढे तीन इंच लागणार, त्याच्या पँटीत बरोबर तीन इंच निघत. जे मूल आहे तेवढंच राहणार, त्याच्या पँटीत अर्धा इंच. वर्षाअखेरी आया उसवलेली पँट हातात धरून थक्क होऊन बघत राहत. डॉक्टरांनाही जे सांगता आलं नव्हतं, ते या माणसाला वर्षभर आधी दिसलं कसं?

मास्तर करत काय, तर मुलाला समोर उभं करत, चष्म्याच्या वरून एकदा बघत आणि म्हणत, "हं." बस्स. हे "हं" पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. एका आईने तर मुलाला कपडे शिवायचे नसतानाही आणून उभं केलं होतं, नुसतं "हं" ऐकायला.

माप घेऊन झालं की मास्तर कापडावर खडूच्या रेघा ओढत आणि कापड पडद्याच्या आत देत. पडद्याच्या आत त्यांची पत्नी असे. तिला सगळी इमारत काकू म्हणायची, म्हणून आपणही काकूच म्हणू. कापणं, शिवणं, अस्तर, काजं-गुंड्या, वर्षाने माया सोडायला आलेले कपडे, हे सगळं आत. मास्तरांच्या मते खडू मारला की काम संपलं. राहिलं ते नुसतं हात चालवणं. हे ते काकूंच्या देखत गिऱ्हाइकांना सांगत, आणि काकूंच्या तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असल्यामुळे त्यावर त्या कधी काही बोललेल्या नव्हत्या.

अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आलं.

आलं ते नातीबरोबर. नात नऊ वर्षांची. तिचे आईबाप कामासाठी वर्षभर लांब गेले होते आणि तेवढ्या काळापुरती ती आजी-आजोबांकडे आली होती. पहिले पंधरा दिवस ती फक्त "हो", "नको" आणि "झालं" एवढे तीन शब्द बोलली. मग बापाच्या जिवाला लागलं आणि त्याने तिच्यासाठी पिल्लू पाठवलं. दहा आठवड्यांचं, तपकिरी, गुंड्यांच्या डब्यात मावेल एवढं. आणि आल्या आल्या ते खरंच गुंड्यांच्या डब्यात जाऊन झोपलं, म्हणून नातीने तिचं नाव गुंडी ठेवलं. त्या दिवशी नात एकशेवीस तरी शब्द बोलली असेल. काकूंनी आतल्या खोलीत डोळे पुसले. मास्तरांनी बाहेरच्या खोलीत पुसले आणि खडूची पूड गेली म्हणाले.

पिल्लाबरोबर ज्याने विकलं त्याचा एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं: जात लहान, स्वभाव प्रेमळ, पूर्ण वाढ दहा इंच.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव आले. सचिव म्हणजे सरकारी दप्तरखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे आणि कागदावर असलेली, प्रत्यक्षात नसली तरी, स्वच्छ दिसे. त्यांनी नियमावली उघडून नियम सतरा वाचून दाखवला: रहिवाशाला लहान जातीचं एक कुत्रं पाळता येईल, लहान म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर ज्याची उंची गुडघ्याच्या खाली राहील असं. मग एक अर्ज दिला, तीन प्रतींत भरायचा. त्यात एक रकाना होता, पूर्ण वाढ झाल्यानंतरची उंची. कंसात लिहिलं होतं, अंदाज चालणार नाही.

मास्तर म्हणाले, जे अजून झालेलंच नाही ते अंदाजाशिवाय लिहायचं कसं? सचिव म्हणाले, तो अर्जदाराचा प्रश्न आहे.

नियम सतरावर सभा भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या शिक्षकांनी उभं राहून विचारलं, गुडघा म्हणजे कुणाचा? हा प्रश्न आजवर कुणाला सुचला नव्हता, आणि एकदा सुचल्यावर तो कुणाला सोडवेना. सचिव ताडमाड, अध्यक्षबाई ठेंगण्या. मास्तरांना टेप आणायला सांगितलं आणि त्यांनी सगळ्या कार्यकारिणीचे गुडघे मापले. सचिवांचा साडेएकवीस इंच निघाला, अध्यक्षबाईंचा पंधरा. मापताना मास्तरांनी सवयीने, पायघोळ हवं की आखूड, असंही विचारून घेतलं. मग गुडघ्याची वाटी वर धरायची की खाली, चपला घालून की काढून, यावर वाद झाला. एकाने सगळ्यांची सरासरी काढा म्हटलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, माझ्या गुडघ्याला दुसऱ्यांच्या गुडघ्यात मिसळायचं नाही. सभा तहकूब झाली. असल्या तीन सभा झाल्या.

दरम्यान गणिताच्या शिक्षकांनी प्रश्न मुळातूनच सोडवायला घेतला. त्यांच्याकडे सूत्र होतं. पिल्लाचं आजचं वजन घ्यायचं, त्याला वयाच्या आठवड्यांनी भागायचं आणि बावन्नने गुणायचं. आलं मोठेपणीचं वजन. गुंडीला कापडी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईच्या काट्यावर ठेवण्यात आलं. पहिल्या आठवड्यात उत्तर आलं सहा किलो. दुसऱ्या आठवड्यात नऊ. तिसऱ्या आठवड्यात चौदा. शिक्षकांनी तिन्ही गणितं पुन्हा तपासली आणि जाहीर केलं, की गणितात चूक नाही, कुत्र्यात आहे. समोरचे केशकर्तनकार म्हणाले, शेपटी बघा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गुंडीचे दात बघितले, कान बघितले, कागद बघितला आणि म्हणाल्या, जात लहान असेल तर लहान राहील. मास्तरांनी विचारलं, आणि नसेल तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर मोठी होईल. शास्त्र इतक्या स्पष्टपणे बोलतं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

या सगळ्यात मास्तरांचा मान दुखावला गेला होता. तीस वर्षं ज्याने अख्ख्या गावाची वाढ आधी सांगितली, त्याला कुणी विचारतच नव्हतं. चौथ्या सभेत ते उठले. त्यांच्या गळ्यात टेप होता. सभेत टेप घालून यायची काही गरज नव्हती, पण वकील कोट घालतात तसं ते होतं. त्यांनी गुंडीला मेजावर उभं केलं, चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाले, "हं."

मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघू लागले.

"छाती पंधरा, पाठ अकरा," मास्तर म्हणाले. "एक सूतसुद्धा जास्त नाही."

सचिव म्हणाले, तसं लिहून द्या.

"लिहून कशाला? शिवून देतो," मास्तर म्हणाले. "तिच्या पुऱ्या वाढीचा कोट आजच शिवतो. तुम्ही तो मोहोर लावून कपाटात ठेवा. ती वर्षाची झाली की काढा आणि घाला तिला. बसला तर ती राहील. नाही बसला तर तुम्ही म्हणाल तसं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुडघ्यांतून सुटका होत होती म्हणून सचिवांनाही बरं वाटलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे इतिवृत्तात नोंद केली: गुंडी एक वर्षाची होईल त्या दिवशी अर्जदाराने शिवून जमा केलेला कोट तिच्या अंगाला बसला पाहिजे. न बसल्यास तिला इमारतीतून हलवावे. खाली मास्तरांनी सही केली. सही करताना नात त्यांच्या कोपराला धरून उभी होती. ती त्यांच्याकडे अशा विश्वासाने बघत होती, की मास्तरांनी सहीखाली एक जादा रेघ ओढली.

घरी येऊन त्यांनी गणवेशाच्याच निळ्या लोकरीच्या कापडावर खडू मारला आणि कापड पडद्याच्या आत दिलं. काकूंनी गुंडीला मांडीवर घेतलं होतं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं होतं.

"अहो, तिची पावलं बघितलीत का?"

"अगं, कोट काय पावलांत घालायचाय?" मास्तर म्हणाले, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं होतं म्हणून गेले.

काकूंनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. दुसऱ्या दिवशी कोट तयार झाला. मास्तरांनी इस्त्री केली तेव्हा कडा जरा जाड लागल्या. पण त्यांच्या दुकानातल्या कपड्यांच्या कडा नेहमीच जाड लागत, आणि त्याचं श्रेय ते उंची कापडाला देत. सचिवांनीही कोट हातात घेऊन, बराच जड दिसतो, असं म्हटलं. मास्तर म्हणाले, अस्तर भारी आहे. कोट कागदात गुंडाळला, दोरी बांधली, गाठीवर लाख ओतून तीन सह्या झाल्या आणि पुडकं सोसायटीच्या लोखंडी कपाटात गेलं.

आणि मग गुंडी वाढू लागली.

आधी ती गुंड्यांच्या डब्यात मावेना. मग दोऱ्यांच्या खोक्यात मावेना. एका सकाळी मास्तर उठले तर ती कापायच्या टेबलाखाली झोपली होती, डोकं एका बाजूने बाहेर आणि मागचे पाय दुसऱ्या बाजूने बाहेर. मास्तरांनी दुकानाचं दार लावून घेतलं आणि तिचं माप घेतलं. छाती सतरा. त्यांनी टेपाकडे संशयाने बघितलं. टेप जुना होता, ताणला असणार. नवा टेप आणला. छाती साडेसतरा. दुकानदाराकडे जाऊन त्यांनी तक्रार केली, की तुमच्याकडचे टेप आखूड आहेत. दुकानदाराने लाकडी फूटपट्टी लावून दाखवली. इंच जागच्या जागी होते.

मास्तरांनी विकणाऱ्याला फोन लावला आणि आईबापांची चौकशी केली. तो म्हणाला, आई अगदी छोटी, मांडीवर बसणारी. आणि बाप? बाप स्वभावाने फार चांगला. मास्तर म्हणाले, स्वभावाचं नाही, मापाचं विचारतोय. विकणारा म्हणाला, "मास्तर, खरं सांगू का? आमच्या अंगणाला सहा फुटांचं कुंपण आहे. तो त्याच्यावरून आत आला."

मास्तरांनी फोन खाली ठेवला.

आता हे गुपित ठेवायचं, तर गुंडी काही टाचणी नव्हती. दिवसातून दोनदा ती नातीला घेऊन फिरायला जाई. म्हणजे आधी नात तिला नेत असे, आता ती नातीला नेत होती. इमारतीतले लोक बघत होते. केशकर्तनकार म्हणाले, केस कमी करू, दोन इंच तरी पडतील. त्यांनी केले. आतून आणखी मोठी गुंडी निघाली. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, खायला कमी द्या. पण त्याच आजी रोज जिन्यात तिला पाव खाऊ घालताना सापडल्या. खुद्द अध्यक्षबाईंच्या पदराला तिच्या बिस्किटांचा वास येत होता. विचारलं तर म्हणाल्या, अध्यक्ष म्हणून मी विरोधातच आहे, पण माणूस म्हणून काय करू, ती बघते कशी ते बघा.

सगळ्यात जिव्हारी लागली ती गिऱ्हाइकं. एक आई मुलाला घेऊन आली, मास्तरांनी चष्म्यावरून बघून "हं" म्हटलं, आणि आईने टेबलाखालच्या गुंडीकडे नजर टाकून हळूच सांगितलं, "मास्तर, माया जरा जास्तच ठेवा हं." तीस वर्षांत मास्तरांना माया किती ठेवायची हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक आई तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी "हं" म्हणताना त्यांचा आवाज लागला नाही.

पण इतकं सगळं होऊनही, मास्तरांना गुंडीचा राग येईना. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दारातून ऊन आत आलं होतं आणि गुंडी त्यात लांबलचक पसरून झोपली होती. श्वासाबरोबर तिची बरगडी वर येई, खाली जाई. मास्तर तिच्या शेजारी जमिनीवर बसले. हे आत्ता वाढतंय, त्यांच्या मनात आलं. या क्षणाला, माझ्या डोळ्यांसमोर, आवाज न करता. ते न हलता अर्धा तास बघत राहिले. काही दिसलं नाही. आणि तरी कालच्यापेक्षा आज ती मोठी होती, उद्या आणखी मोठी असणार होती, आणि कुणाच्या सहीने, कुणाच्या मोहोरेने ते थांबणार नव्हतं. तीस वर्षं आपण या गोष्टीला टेप लावत होतो आणि आपल्याला हिचं काडीइतकं कळलेलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि वाईट वाटण्याऐवजी हात जोडावेसे वाटले.

शाळेतून आलेली नात कधी शेजारी येऊन बसली ते त्यांना कळलं नाही.

"आजोबा, तिला घालवतील का?"

मास्तर म्हणाले, बघू.

"ती मुद्दाम नाही वाढत," नात म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी पण वाढतेय."

मास्तरांनी तिला जवळ घेतलं. तिच्या गणवेशाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर गेल्या होत्या. हा कपडा तिच्या आईने गावाकडून, दुसऱ्या शिंप्याकडून शिवून आणला होता. मास्तरांनी आत बोट घालून चाचपलं. माया संपली होती. त्यांना तो शिंपी निष्काळजी वाटला आणि मग आपण तरी कोण मोठे लागून गेलो, असं वाटून त्यांनी बोट काढून घेतलं.

गुंडी वर्षाची झाली तो रविवार होता. सोसायटीच्या खोलीत एवढी गर्दी कुठल्याच सभेला झाली नव्हती. मास्तरांनी आदल्या दिवशी माप घेतलं होतं: छाती तेवीस, पाठ सोळा. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती; गुंडी खोलीत आली तेव्हा दोघांना खुर्च्या सरकवाव्या लागल्या. नातीने तिला गळ्याभोवती दोन्ही हातांनी धरलं होतं. मास्तर आज टेपाशिवाय आले होते. त्यांच्या खिशात एक कागद होता. गावाबाहेर अंगण असलेले एक ओळखीचे गृहस्थ गुंडीला ठेवून घ्यायला तयार होते, त्यांचा पत्ता. तो त्यांनी नातीला अजून दाखवला नव्हता.

सचिवांनी पुडकं आणलं. लाख अभंग असल्याची नोंद केली, तिन्ही सह्या ताडून बघितल्या, गाठ कापली. निळा कोट मेजावर आला आणि खोलीत कुणीतरी खाकरलं. तो गुंडीच्या डोक्यावर टोपी म्हणून कदाचित बसला असता.

"घाला," सचिव म्हणाले.

मास्तरांनी कोट हातात घेतला. त्यांनी तो गुंडीच्या पाठीवर ठेवला. तो पाठीच्या मध्यावर संपला आणि दोन्ही बाजूंच्या कडा अधांतरी राहिल्या. गुंडीने मान वळवून तो हुंगला आणि शेपटी हलवली. कुणी हसलं नाही, याचंच मास्तरांना जास्त लागलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. सभेत, मोठ्याने, तीस वर्षांत पहिल्यांदा. "मला दिसलं नाही."

त्यांनी खिशात हात घातला. तेवढ्यात काकू मागच्या रांगेतून पुढे आल्या. त्यांच्या हातात काजं कापायची छोटी कात्री होती, आणि तोंडात आज एकही टाचणी नव्हती.

"थांबा, अजून घातलाय कुठे?" त्या म्हणाल्या.

त्यांनी कोट उलटा केला. अस्तराच्या कडेला एक दोरा बारीकसा बाहेर होता. तो त्यांनी धरून ओढला आणि सगळं अस्तर एका ओढीत सुटलं. आत तीन शिवणी होत्या, एक पाठीवर, दोन कडेला, आणि प्रत्येक शिवणीत दोन टिपा. आतली टीप मास्तरांच्या खडूवर होती, जिथे मास्तरांनी रेघ ओढली होती बरोबर तिथे. बाहेरची टीप तिच्यापासून दीड इंच दूर होती, आणि मधलं सगळं कापड घडी घालून दाबून ठेवलेलं होतं. काकूंनी आतल्या टिपेचा पहिला टाका कापला, दोरा खेचला, आणि कोट सरसर रुंद झाला. दुसरी टीप. आणखी रुंद झाला. तिसरी. मग खालची दुमड सोडली, तर एका घडीत दुसरी, दुसरीत तिसरी. निळं कापड मेजावरून खाली उतरू लागलं. लोक उभे राहून बघत होते. एवढासा कोट आणि त्यातून निघतंय ते निघतंयच. मास्तर तर असे बघत होते, की जणू त्या दुपारच्या अर्ध्या तासात गुंडी वाढताना त्यांना जे दिसलं नव्हतं तेच आता दिसत होतं.

काकूंनी कोट झटकला, गुंडीच्या पाठीवर टाकला, पोटाखालून पट्टा घेतला आणि गुंडी लावली. म्हणजे कोटाची. कोट बसला. छातीला इंचभर सैल होता.

"एक इंच अजून भरेल ती," काकू म्हणाल्या. "पुढच्या चार महिन्यांत. मग थांबेल."

गणिताच्या शिक्षकांनी हे लिहून घेतलं.

सगळ्यांनी सचिवांकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, याला कोट बसला म्हणायचं का? सचिवांनी इतिवृत्त उघडलं आणि ओळ दोनदा वाचली. मग कोटाला प्रदक्षिणा घातली. लाख अभंग होती. कोट तोच होता. बाहेरून एक चिंधी जोडलेली नव्हती, एक टाका नवा घातलेला नव्हता. त्यांनी सगळा जन्म कागदांत काढला होता, पण एवढं पुढचं बघून तयार केलेला दस्तऐवज त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

"उंचीबद्दल या नोंदीत काही नाही," सचिव शेवटी म्हणाले. "कोट बसला." त्यांनी तसं लिहिलं, तारीख टाकली, आणि नियमाविरुद्ध, गुंडीच्या डोक्यावरून हात फिरवला. नात रडायला लागली, मग हसायला लागली, मग पुन्हा रडायला लागली. अध्यक्षबाईंनी पदरातून उघडपणे बिस्कीट काढलं.

घरी आल्यावर मास्तर पहिल्यांदाच पडद्याच्या आत जाऊन बसले. तिथे दुसरं एक स्टूल होतं हेही त्यांना आजच कळलं. काकू मशीनला तेल देत होत्या.

"शाळेच्या पोरांचं पण?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी तेलाची कुपी खाली ठेवली. त्या लपवाछपवी करणाऱ्यातल्या नव्हत्या. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

"पडद्याच्या फटीतून पोरांची पावलं दिसायची," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही उभे असायचात म्हणून दिसायचं नाही. पण पावलं आधी वाढतात, अंग मागून येतं."

"तीस वर्षं?"

"पहिली दोन वर्षं माझंही चुकायचं." त्यांनी मशीनचं चाक हाताने फिरवून बघितलं. "आणि तुमचं माप एकदाही चुकलं नाही. आज जे आहे ते तुम्ही बरोबर धरता. ते बरोबर असतं म्हणून मला उद्याचं ठेवता येतं."

मास्तर तिच्या हातांकडे बघत राहिले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुईने टोचून टोचून कातडी टणक झाली होती. गावातली अर्धीअधिक माणसं या बोटांना आधीच ठाऊक होऊन मग मोठी झाली होती, आणि ही बाई एका पडद्याइतक्या अंतरावर, तोंडात टाचण्या धरून, गप्प बसली होती. आपण आयुष्यात काय काय नवल म्हणून बघत आलो, आणि हे बघितलं नाही, असं मास्तरांना वाटलं. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. ते म्हणाले, "तेल कमी घाल, कापडाला लागेल." काकू हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी सात-आठ वर्षांची, काटकुळी, मोज्यांत. टेबलाखाली गुंडी निळा कोट घालून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली होती. मास्तरांनी मुलीचं माप घेतलं, खांदा, छाती, लांबी, वहीत लिहिलं. आई वाट बघत उभी राहिली. मास्तरांनी चष्म्याच्या वरून मुलीकडे बघितलं, आणि "हं" म्हणायला तोंड उघडलं.

मग त्यांनी मुलीला मोजे काढायला सांगितले. उठून पडदा कडेला सारला, अगदी दांडीच्या टोकापर्यंत, आणि आत हाक दिली.

"अगं, जरा बाहेर ये. पावलं बघायची आहेत."